तू आम्हांला शिकवतोस काय?

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि दर वेळी तो त्याच दोन वाक्यांवर येऊन अडतो. एक जण म्हणतो, "पवित्र शास्त्र कळायला पदवी लागत नाही, नम्र मन लागतं." दुसरा उसळून म्हणतो, "नम्रतेच्या नावाखाली अडाणीपणा खपवू नका." पहिला आपल्या बाजूने येशूचे शिष्य झालेले गालीलातले कोळी उभे करतो, दुसरा गमलिएल या धर्मपंडिताच्या पायाशी बसून शिकलेला प्रेषित पौल. मग दोघांचाही आवाज चढतो. नम्रता कुणाच्या पदरात आहे हे ठरवायला माणसं इतक्या ईर्ष्येने भांडतात की ऐकणाऱ्याने हसावं की रडावं ते कळत नाही.

तरीही हा वाद सोडून देण्यासारखा नाही. व्यासपीठावर कोण उभं राहणार, कुणाचा प्रश्न ऐकला जाणार आणि कुणाला ‘आधी प्रार्थनेत वेळ घालवा’ असं सांगून खाली बसवलं जाणार, हे सगळं त्याच्या निकालावर ठरतं. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजूंनी ज्ञान आणि नम्रता एकाच तराजूच्या दोन पारड्यांत टाकली आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली येणारच अशा हिशेबाने. मूळ चूक इथे आहे. तुम्हाला किती कळतं यावरून तुमची नम्रता मोजता येत नाही. तुम्हाला कोण शिकवू शकतं यावरून ती मोजता येते. आपल्यापेक्षा मोठ्यापुढे वाकायला फार काही लागत नाही. वयाने लहान, शिक्षणाने कमी, आपल्या पंथाबाहेरचा किंवा कालपर्यंत आपल्याकडून शिकत असलेला कुणी आपली चूक दाखवतो, तेव्हा ती ऐकून घेता येते का? आध्यात्मिक समज वाढते किंवा खुंटते ती या जागी, आणि ही कसोटी पदवीधराला जितकी लागू आहे तितकीच आत्म्याने भरलेल्यालाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय मी या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचतो. येशू एका जन्मांधाच्या डोळ्यांना चिखल लावतो, शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो आणि त्याला दिसू लागतं. नेमका तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचा. परूशी, म्हणजे धर्मनियमांचे कट्टर जाणकार, चौकशी मांडतात. आईवडील घाबरतात आणि ‘तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा’ म्हणून अंग काढून घेतात. हा माणूस मात्र आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याची सीमा फार नेमकी आखतो: तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. त्याच्याइतकं नेमकं बोलणारा त्या अख्ख्या चौकशीत दुसरा कुणी नाही. आणि हा माणूस गरीब गाय अजिबात नव्हे. तेच तेच विचारून त्याला वैताग आणतात तेव्हा तो टोमणा मारतो, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय की काय? शेवटी विद्वानांचा तोल जातो. तू सगळा पापात जन्मलेला, आणि तू आम्हांला शिकवतोस काय? असं म्हणून ते त्याला बाहेर घालवतात.

त्यांचं ज्ञान खोटं होतं का? नव्हतं. शब्बाथाची आज्ञा खरी होती, मोशेवरची निष्ठा खरी होती, युक्तिवादही सुसंगत होता. ते अडले ते समोरचं सत्य चुकीच्या माणसाच्या तोंडून आलं म्हणून. ‘तू आम्हांला शिकवतोस काय’ हा प्रश्न मग ख्रिस्ती इतिहासात कितीतरी वेळा विचारला गेला, आणि गंमत म्हणजे शिकलेल्यांनी जितक्या वेळा विचारला तितक्याच वेळा न शिकलेल्यांनीही.

पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. ज्ञानी आणि विचारवंतांपासून या गोष्टी लपवून तू त्या बालकांना प्रकट केल्यास, म्हणून येशू पित्याचे आभार मानतो. पेत्र आणि योहान हे निरक्षर, साधे लोक असूनही एवढ्या धैर्याने बोलतात याचं सभेतल्या पुढाऱ्यांना नवल वाटतं. ज्ञान फुगवतं आणि प्रीती उभारते, हे तर पौलाने, म्हणजे त्या पिढीतल्या बहुधा सर्वांत शिकलेल्या ख्रिस्ती माणसाने, लिहून ठेवलं. इतिहासही याला दुजोरा देतो. पुढे मोठा धर्मशास्त्रज्ञ झालेला ऑगस्टीन एकोणिसाव्या वर्षी रोमन वक्ता सिसेरो वाचून भारावला आणि त्याच भरात त्याने पवित्र शास्त्र उघडलं. सिसेरोच्या डौलापुढे ते त्याला गावंढळ वाटलं. पुढे आपल्या आत्मकथनात तो कबूल करतो की दोष शास्त्राच्या भाषेत नव्हता. आपल्या गर्वाला त्या बुटक्या दारातून वाकून आत शिरायचं नव्हतं. विद्वत्ता हा शास्त्रापासून सुरक्षित अंतर राखण्याचा एक सभ्य मार्ग असू शकतो. ‘शत्रूवर प्रीती करा’ या वाक्यातल्या क्रियापदाच्या काळावर तासभर चर्चा करायची आणि घरी जाऊन भावाशी अबोला चालूच ठेवायचा, हे मी पाहिलं आहे. केलंही आहे.

पण यावरून अभ्यास हीच आध्यात्मिक समजुतीतली अडचण, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी येशूचाच एक प्रश्न लक्षात घ्यावा. शास्त्री आणि परूशी समोर आले की तो त्यांना वारंवार विचारतो, "तुम्ही वाचलं नाही काय?" शब्बाथावरून कणसं मोडण्याचा वाद असो, घटस्फोटाचा असो, की बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचा, त्याची तक्रार एकच आहे: तुम्ही नीट वाचलेलंच नाही. फार वाचलंत म्हणून तुम्ही बिघडलात, असं तो एकदाही म्हणत नाही. आणि त्या स्तुतीतली ‘बालकं’ म्हणजे अडाणी माणसं असं कुठे लिहिलं आहे? बालक म्हणजे ज्याचं शिकणं अजून चालू आहे तो.

गंमत अशी की हा अख्खा वाद ऑगस्टीननेच सोळाशे वर्षांपूर्वी अंगावर घेतला होता. शास्त्राचा अर्थ कसा लावावा यावर ग्रंथ लिहायला बसला तेव्हा प्रस्तावनेतच त्याने आक्षेपकांना गाठलं: आम्हाला देव थेट समज देतो, आम्हाला तुमचे नियम कशाला, असं म्हणणाऱ्यांना. त्याचं उत्तर फार साधं आहे. बाबांनो, अक्षरं तरी तुम्ही माणसांकडूनच शिकलात ना? पौलाला स्वर्गातून वाणी झाली, तरी पुढचं ऐकायला त्याला हनन्या नावाच्या एका माणसाकडे पाठवलं गेलं. कर्नेल्य या रोमी सेनाधिकाऱ्याला देवदूत दिसला, पण त्या देवदूताने स्वतः काहीच शिकवलं नाही. पेत्राला बोलावून घे म्हणाला. गाडीत बसून यशया वाचणाऱ्या कूशी षंढाला अर्थ लागेना, तेव्हा आकाशातून अर्थ उतरला नाही. धुळीच्या रस्त्याने फिलिप्प धावत आला. देवाला थेट सांगता आलं नसतं का? आलं असतं. मग मधे माणूस का घातला? ऑगस्टीन म्हणतो, माणसांनी एकमेकांकडून काही शिकायचंच नसेल तर त्यांना एकत्र बांधणारी प्रीती एकमेकांत मिसळणार कशी? मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. ‘मला फक्त देव शिकवतो’ हे वाक्य ऐकायला केवढं लीन वाटतं! प्रत्यक्षात त्यात जगातल्या यच्चयावत माणसांना आपले शिक्षक म्हणून नापास केलेलं असतं.

याच वाक्याला व्यासपीठ मिळालं की काय होतं? ‘मी काहीच नाही, मी फक्त एक पात्र आहे, हे माझे शब्द नाहीत.’ अशी सुरुवात झाली की मी सावध होतो. शब्द तुमचे नसतील तर चूक झाल्यावर कुणाला विचारायचं? ‘मला असं वाटतं’ म्हणणारा निदान खोडला जाऊ शकतो. ‘आत्म्याने मला दाखवलं’ म्हणणाऱ्याने पुढचा प्रश्न आधीच देवनिंदेच्या खात्यात टाकलेला असतो. आत्मिक माणूस सर्वांचा न्याय करतो, त्याचा न्याय मात्र कुणी करत नाही, हे पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलेलं वचन अशा वेळी हमखास पुढे येतं. याच वचनाचा आधार घेऊन १३०२ मध्ये पोप आठवा बोनिफेस याने जाहीर केलं होतं की सर्वोच्च आध्यात्मिक सत्तेचा न्याय कोणताही माणूस करू शकत नाही. वर्षही पुरतं झालं नाही तोच अनान्यी गावात फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी त्याला घेरून धरलं आणि सुमारे महिन्याभराने तो वारला. पण हा राजकारणाचा भाग सोडा. पौलाचं पत्र पुढे वाचलं तर काय दिसतं? लगेच पुढच्या अध्यायात तो त्याच करिंथकरांना म्हणतो, मला तुमच्याशी आत्मिक म्हणून बोलताच आलं नाही. आणि चौदाव्या अध्यायात सांगतो, संदेश देणाऱ्यांपैकी दोघांनी किंवा तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी ते पारखावं. बिरुया गावातले लोक तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्राशी ताडून पाहत होते, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यासाठी त्यांची स्तुती करतो.

दुसरं हुकमी वचन म्हणजे ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’. पुढाऱ्याच्या हिशेबावर किंवा वागण्यावर कुणी बोट ठेवलं की हे वाक्य ढालीसारखं पुढे केलं जातं. एकशे पाचवं स्तोत्र उघडून पाहा. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब यांचं ते मूठभर कुटुंब, देशोदेशी भटकणारं, कुठेच आपलं घर नसलेलं. आणि ताकीद कुणाला दिली आहे? राजांना. दुबळ्यांच्या रक्षणासाठी बलवानांना दिलेली तंबी उलटी करून बलवानांनी दुबळ्यांवर रोखली, यापेक्षा शास्त्राचं मोठं वाकडं वाचन कोणतं असेल? हे कळायला इब्रीही लागत नाही. आधीच्या चार ओळी वाचल्या की पुरे.

आधीच्या ओळींवरून आठवलं. एका शास्त्राभ्यासात मी मार्काच्या बाराव्या अध्यायातला विधवेच्या दानाचा भाग शिकवत होतो. तयारी जय्यत होती. गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत टाकलेली दोन लेप्टा नाणी म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा हिस्सा, हे सांगून मी थोडा थांबलोही, लोकांच्या मनावर ठसावं म्हणून. मग दानशूरपणावर आलो. समोर एक वयस्क बाई बसल्या होत्या, स्वतः विधवा, शाळा जेमतेम चार इयत्ता. बोटाने ओळी धरत वाचायच्या. त्या म्हणाल्या, "ब्रदर, याच्या वरची ओळ वाचू का?" आणि वाचली: शास्त्री लोक विधवांची घरं गिळतात आणि दाखवण्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. "आणि लगेच खाली ही विधवा. तिची सगळी उपजीविका पेटीत गेली म्हणतात. मग तिचं घर कुणी गिळलं?"

मी म्हणालो, तो भाग वेगळा आहे, मधे शीर्षक आहे बघा, ‘विधवेचे दान’. त्यांनी त्या शीर्षकावर बोट ठेवून ते झाकलं. "हे प्रभूने लिहिलंय का छापणाऱ्याने?" शीर्षकं मूळ लेखनात नसतात हे त्या खोलीत मला सर्वांत चांगलं ठाऊक होतं. तरी मी काय बोललो? "छान मुद्दा आहे, आपण यावर नंतर बोलू." ‘तू आम्हांला शिकवतोस काय’ या प्रश्नाचं हे आमचं सुसंस्कृत भाषांतर. पुढे शोधल्यावर दिसलं की अभ्यासकांनीही हे दोन उतारे जोडून वाचले आहेत आणि त्यावर बरंच लिहिलं आहे. त्या बाईंचा निष्कर्ष मला आजही सगळा पटत नाही. येशू त्या विधवेचं दान श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठं ठरवतो, ते नुसता शोक म्हणून वाचता येत नाही. पण तो उतारा मी पुन्हा कधी फक्त दानशूरपणावर शिकवू शकलो नाही. इथे कोण जिंकलं, पदवी की नम्र मन? प्रश्नच चुकीचा आहे. त्या बाई माझ्यापेक्षा जास्त काळजीपूर्वक वाचत होत्या, म्हणजे त्या क्षणी अभ्यासू त्याच होत्या. आणि विधवेचं घर गिळलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना शब्दकोशात शोधावं लागत नव्हतं.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याला घाईने उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. आक्षेप असा: नम्रतेचा उपदेश नेहमी खालच्यांनाच का केला जातो? १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी पवित्र शास्त्राचे ‘निवडक भाग’ छापले गेले. निवडताना इस्राएल लोकांची मिसरातून सुटका गाळली. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हे ठेवलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी आपल्या आजीबद्दल लिहिलं आहे. ती गुलामगिरीत वाढलेली, तिला वाचता येत नसे, नातू तिला शास्त्र वाचून दाखवी. पौलाची पत्रं मात्र ती वाचू देत नसे. क्वचित कधी करिंथकरांस पत्रातला प्रीतीवरचा तेरावा अध्याय तेवढा चाले. कारण गुलामगिरीत धन्याचा पाद्री येऊन सतत तेच सांगायचा: दासांनो, आज्ञेत राहा. तिने मनाशी ठरवलं होतं, कधी सुटले आणि वाचता आलं तर तो भाग वाचणार नाही. या बाईला नम्रतेचा धडा द्यायला कुणाची जीभ रेटेल?

मराठीत तर हे उदाहरण घरातलंच आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या आणि त्यांनी लगेच प्रश्न विचारायला सुरुवात केली: त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर, चर्चच्या अधिकारावर, जे पटत नाही ते केवळ सांगितलं म्हणून का मानायचं यावर. ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आश्रय दिला होता, त्यांना हा अहंकार वाटला. रमाबाईंनी पत्रात साफ कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच मोठ्या कष्टाने सुटले आहे, तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची माझी तयारी नाही. गर्विष्ठ म्हणून नोंद झालेल्या याच बाईने पुढे उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं. कशासाठी? आधीची संस्कृतप्रचुर भाषा कमी शिकलेल्या बायकांना कळत नव्हती म्हणून. संस्कृतसाठी ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेली विदुषी आपलं संस्कृत बाजूला ठेवून त्या बायकांच्या बोलीपाशी येऊन बसली. १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण भाषांतर छापून आलं १९२४ मध्ये. विद्वत्ता आणि नम्रता एकमेकींच्या आड येतात म्हणणाऱ्यांनी या कामाकडे पाहावं, आणि प्रश्न विचारणं म्हणजे गर्व म्हणणाऱ्यांनीही.

तेव्हा आक्षेप खरा आहे, पण तो ज्या नम्रतेवर बसतो ती ख्रिस्ताची नाही. आपल्याकडे नम्रतेसाठी हमखास सांगितलं जातं ते महापुराचं आणि लव्हाळ्याचं: झाडं वाहून जातात, लव्हाळी वाकतात म्हणून वाचतात. चांगलं शहाणपण आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ती तगून राहण्याची युक्ती झाली. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ज्याने स्वतःला रिक्त केलं म्हटलं आहे, तो वाकला म्हणून वाचला नाही. त्याला क्रूसावर मारलं. शिवाय त्याच्या वाकण्याची दिशा पाहा. हेरोद आणि पिलात या सत्ताधाऱ्यांपुढे तो एक अवाक्षर जास्त बोलत नाही, आणि गुडघे टेकतो ते शिष्यांचे पाय धुवायला. वरच्यापुढे वाकणं आणि खालच्यापुढे वाकणं यांना आपण एकच शब्द वापरतो, आणि अर्धा घोटाळा तिथेच होतो. दिखाऊ नम्रतेबद्दल पौलाने कलस्सैकरांना दिलेला इशारा आपण किती वेळा उपदेशात ऐकला आहे? स्वतःहून ओढवून घेतलेली दीनता दिसायला शहाणपणाची दिसते, पण देहाच्या लालसेवर तिचा काही उपयोग नाही, असं तो म्हणतो.

आणि जुन्या करारातला, सगळं गमावून बसलेला ईयोब? त्याचे मित्र अध्यायामागून अध्याय त्याला नम्रताच तर शिकवत असतात: देवापुढे नमून घे, आपलं पाप कबूल कर, देव न्यायीच असतो. त्यांच्या भाषणांतली वाक्यं तुटक काढून भिंतीवर लावावी इतकी धार्मिक आहेत. ईयोब मात्र भांडतो, ओरडतो, देवालाच न्यायालयात खेचायला निघतो. शेवटी देव कुणावर रागावतो? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो अलीफजला सुनावतो. ईयोब धुळीत बसतो, हे खरं. पण तो देव भेटल्यावर बसतो, मित्रांनी सांगितलं म्हणून नाही.

एक शंका उरते. सतत दुरुस्त व्हायला तयार असलेला माणूस कशावर ठाम उभा राहणार? विश्वास म्हणजे ठामपणा नव्हे का? इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याने ऑगस्ट १६५० मध्ये स्कॉटलंडच्या चर्चसभेला कळवळून लिहिलं होतं, ख्रिस्ताची शपथ घालतो, आपलं चुकत असेल हे शक्य आहे एवढं तरी मनात आणा. अप्रतिम वाक्य आहे. मात्र आदल्याच वर्षी आयर्लंडमध्ये द्रोहेडाच्या कत्तलीला देवाचा नीतिमान न्याय म्हणणारा हाच माणूस होता. आपलं चुकत असेल, ही शक्यता दुसऱ्याला सुचवायला कुणाचं काय जातं? याउलट १५२१ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स शहरी सम्राटाच्या सभेपुढे उभा राहिलेला धर्मसुधारक लूथर घ्या. त्याच्या ठामपणाची सगळे वाहवा करतात, पण त्या वाक्याची सुरुवात अटीने होते: शास्त्राने किंवा स्पष्ट युक्तिवादाने मला पटवून दिल्याशिवाय. दार उघडं आहे, कसं उघडायचं तेही सांगितलं आहे, आणि तरी तो जागचा हलत नाही. ठामपणा आणि नम्रता एका वाक्यात राहू शकतात याचा हा पुरावा. आठ वर्षांनी मारबुर्गमध्ये स्विस सुधारक झ्विंग्लीशी प्रभुभोजनावर चर्चा झाली तेव्हा त्याच लूथरने आधीच टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ लिहून ठेवलं, आणि समोरून युक्तिवाद आला की तो त्या अक्षरांकडे बोट दाखवी. प्रभुभोजनाबद्दल कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. मला खडू दिसतो. नम्रता एकदा मिळवली की कायमची गाठीला राहते, असं त्या खडूकडे पाहिल्यावर म्हणवत नाही.

म्हणूनच ती एकेकट्याच्या मनावर सोडून भागत नाही, तिला व्यवस्थेत जागा लागते. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले तेव्हा नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या, त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. मला त्याआधीचा तिसरा अध्याय जास्त महत्त्वाचा वाटतो. महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा प्रभू जे अधिक चांगलं आहे ते सर्वांत लहानाला प्रकट करतो. निर्णय मठाधिपतीचाच, पण ऐकल्यावर. आपल्या किती मंडळ्यांच्या घटनेत असं कलम आहे? आणि ऑगस्टीनने मृत्यूच्या तीनेक वर्षं आधी जे केलं, ते आपल्यापैकी किती लेखक-उपदेशक करतील? आयुष्यभराचे ग्रंथ एकेक करून काढले आणि कुठे काय चुकलं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं.

त्याहून जुनं आणि माझं आवडतं उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांत आहे. अपुल्लो आलेक्सांद्रियाचा, बोलण्यात पटाईत, शास्त्रात निष्णात. इफिसच्या सभास्थानात तो धडाक्याने बोलतो. ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला बसलेले असतात, तंबू शिवून पोट भरणारं जोडपं. त्यांच्या लक्षात येतं की याला फक्त योहानाचा बाप्तिस्माच ठाऊक आहे. ते चारचौघांत त्याला अडवत नाहीत. आपल्याकडे नेतात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. बायकोचं नाव आधी, हे लूकने तसंच ठेवलं आहे. अपुल्लो काय म्हणाला ते त्याने लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलं आहे की पुढे तो अखयात गेला आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याची फार मदत झाली.

विधवेच्या उताऱ्यानंतरच्या आठवड्यात मी त्या बाईंच्या शेजारची खुर्ची घेतली. त्यांनी चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं. विधवेचा भाग संपतो तिथे बाराव्या अध्यायाची शेवटची ओळ आहे, आणि त्याखाली ठळक १३. अध्यायांचे हे आकडेही तेराव्या शतकात घातलेले. त्यांनी या वेळी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "आणि ब्रदर, हे? ती तिकडे सगळं टाकून जाते, आणि शिष्य म्हणतात, गुरुजी, काय हे दगड, काय या इमारती! आणि प्रभू म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. ज्या मंदिरासाठी तिने सगळं दिलं त्याच्याबद्दलच हे. तुम्ही पाहिलं होतं का?"

मी पाहिलं नव्हतं.